दोन डबे आणि एक सदरा

लतीफ मिस्त्रींनी पहिल्याच भेटीत माझ्या थोबाडीत मारली.

मी तेव्हा एक्केचाळीस वर्षांचा, दोन मुलांचा बाप, आयटीआयमध्ये फिटरच्या पोरांना कानस कशी धरायची ते शिकवणारा निदेशक. दहावीनंतर माझ्या बापानंसुद्धा माझ्यावर हात उचललेला नव्हता. छावणीतल्या त्यांच्या बंदुकांच्या दुकानात गेलो, परवाना पुढं ठेवला, रायफल बघायची आहे म्हणालो. त्यांनी भिंतीवरची एक काढून टेबलावर ठेवली आणि पुसायचं कापड आणायला पाठ वळवली. तेवढ्या वेळात मी ती उचलली. बोट आपोआप चापावर गेलं. नळी फिरवत फिरवत मी खिडकीबाहेरच्या विजेच्या खांबावर नेम धरला. मधल्या दारात त्यांची सून शबाना चहाचे कप घेऊन उभी होती. नळी तिच्या पोटावरून गेली हे मला कळलंसुद्धा नाही.

कळलं ते कानाखाली जाळ निघाला तेव्हा. चष्मा कपाटाखाली गेला.

"रिकामी आहे की!" मी ओरडलो.

"रिकामीनंच मेले," ते म्हणाले. "माझ्या वळखीतले तीन. भरलेली असली तर माणूस जपतो."

मग खाली वाकून त्यांनी माझा चष्मा काढला, बंदूक पुसायच्या कापडानंच पुसला आणि माझ्या हातात दिला. "बसा मास्तर. चहा घ्या. आमच्याकडं साखर जास्ती असती, चालंल ना?" एवढ्या अदबीनं विचारलं की मी मुकाट्यानं बसलो. गाल धरून चहा प्यायलो. त्या दिवसानंतर त्यांनी मला कधी 'तुम्ही' म्हटलं नाही. थोबाडीत मारलेल्या माणसाला ते अरेतुरेच करत.

सत्तरी केव्हाच ओलांडलेला, ताडमाड, हाडं मोजून घ्यावीत असा माणूस. डावा कान बंदुकांच्या आवाजानं गेलेला, म्हणून बोलायचे ते भांडल्यासारखं. दातांत कायम लवंग. उजव्या हाताची करंगळी अर्धीच होती. ती कशी गेली असं विचारलं की प्रत्येक वेळी नवी हकिकत सांगायचे आणि प्रत्येक हकिकतीत रक्त असायचंच. बिघडलेली बंदूक आली की आधी डोळे मिटून उजवा कान खटक्याला लावत आणि चाप ओढून ऐकत. दोष कुठं आहे ते उघडायच्या आधीच सांगत. मी आयुष्यभर यंत्रांत वावरलो, पण असा कान दुसरा पाहिला नाही. राग मात्र भयंकर. एकदा चुकीचा स्क्रू दिला म्हणून त्यांनी हार्डवेअरवाल्याच्या काउंटरची काच हातोडीनं फोडली होती आणि संध्याकाळी स्वतःच माप घेऊन नवी बसवून आले होते.

आता मी तिथं का गेलो होतो ते सांगतो.

दौलताबादच्या पुढं आमची शेती आहे. मका आणि पेरू. रानडुकरं मक्यात शिरली की एका फेरीत अर्धा एकर आडवा करतात. पीक वाचवायला परवान्यासाठी अर्ज केला तेव्हा, अगदी देवाशपथ, माझ्या डोक्यात डुक्करच होतं. परवाना हातात यायला दोन वर्षं गेली. त्या दोन वर्षांत बांधावरून पाइपलाइन नेण्याच्या भांडणात माझा चुलतभाऊ सुदाम यानं माझ्या वडिलांना, नानांना, फावड्याच्या दांड्यानं मारलं. उजवा खांदा मोडला. ऑपरेशन झालं, पट्ट्या सुटल्या, पण हात वर गेला नाही. नानांचा घास तोंडापर्यंत पोचत नाही, ते तोंड घासापर्यंत नेतात. रोज रात्री जेवताना मी ते बघत होतो. परवाना आला तेव्हा त्यावर 'पीक संरक्षण' असंच लिहिलेलं होतं. माझ्या मनात काय लिहिलेलं होतं ते सरकारला ठाऊक नव्हतं.

बारा बोअरची छऱ्याची बंदूक नको, रायफलच हवी, असा माझा हट्ट होता. रायफलनं लांबून मारता येतं.

"शिकाऊ माणसाला रायफल कायको होना?" मिस्त्री म्हणाले. "बारा बोअर घे. छर्रा पन्नास-साठ पावलांत दमतो. गोळी दमत नाय. आपल्याकडं सपाट रान. मक्याच्या मागं कोण खुरपतंय, कोण बसलंय, तुला काय दिसतं?"

"मला रायफलच पाहिजे."

"बरं. मग टाइम लागंल."

किती लागेल ते त्यांनी सांगितलं नाही. दर शनिवारी ये, एवढंच म्हणाले. पहिल्या शनिवारी त्यांनी रायफलचा मागचा लाकडी दस्ता माझ्या कोपराच्या आत टेकवून माझं बोट चापापर्यंत पोचतं का ते पाहिलं. दुसऱ्या शनिवारी रायफल खांद्याला लावून उभं केलं आणि स्वतः सावकाश चहा प्यायले. माझे हात लटपटायला लागले तरी कप खाली ठेवेनात. "डुक्कर तुझ्या सवडीनं येत नाय," म्हणाले. तिसऱ्या शनिवारी नुसतं तेलपाणी करायला लावलं. पोरांना मी असंच राबवतो, त्यामुळं तक्रार करायला तोंड नव्हतं.

चौथ्या शनिवारी मी जे पाहिलं ते अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

एक नवे पुढारी बंदूक दुरुस्तीला घेऊन आले. पांढरे कपडे, दोन्ही हातांत अंगठ्या, बरोबर मोबाइलवर चित्रण करणारा माणूस. पुतण्याच्या वरातीत त्यांनी हवेत बार काढले होते. दुसरा बार काढताना हात खाली आला आणि छर्रे बँडमधल्या ढोलवाल्याच्या जबड्यात गेले. हे त्यांनीच सांगितलं, पाऊस फार झाला म्हणावं तितक्या सहज. म्हणाले, "चाप ढिला झालाय, लवकर सुटतो. दोष बंदुकीचा आहे."

मिस्त्रींनी खटका कानाला लावला. ऐकलं. मग अतिशय गोड आवाजात म्हणाले, "साहेब, जरा हात इथं ठेवा, बोटाचं माप घेतो."

पुढाऱ्यांनी हात टेबलाला बसवलेल्या व्हाइसच्या, लोखंड आवळून धरायच्या शिकंज्याच्या, जबड्यात ठेवला. मिस्त्रींनी दांडा फिरवला.

"त्या ढोलवाल्याचं नाव काय?"

पुढारी हसले. दांडा आणखी फिरला. हसू गेलं.

"नाव सांगा. जबडा गेला ना त्याचा? नाव काय त्याचं?"

"मला काय माहीत! सोड! ए, बघतोस काय, सोडव!"

चित्रण करणारा माणूस तोवर रस्त्यावर पोचला होता. मी उठलो, मिस्त्रींचा दंड धरला. त्या म्हाताऱ्या हाडांत इतकं बळ असेल असं वाटलं नव्हतं. व्हाइसमध्ये काय होतं ते मला चांगलं माहीत आहे. पोरांना पहिल्या दिवशी मी तेच सांगतो. आधी कातडी पांढरी पडते, मग अंगठी वाकते. दोन बोटं मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. मिस्त्रींना बहुतेक आला नसावा.

"नाव माहीत नाय," ते दांडा उलटा फिरवत म्हणाले. "चापात दोष नाय साहेब. घेऊन जा."

तक्रार झाली नाही. तक्रार केली असती तर वरात सांगावी लागली असती. पण मिस्त्री स्वतःच चौकीत जाऊन दुपारभर बाकावर बसून आले. कुणी काही विचारलं नाही म्हणून परत आले आणि जेवले नाहीत. शबाना मला म्हणाली, "अब्बांना असं झालं की दोन दिवस भाकर गोड लागत नाही. पण ते थांबत नाहीत, भाऊ. मी किती वेळा पाया पडले." मला तेव्हा त्यांची भीती वाटली आणि, खोटं कशाला बोलू, आदरही वाटला.

त्यानंतर पडेगावच्या डेअरीवाल्याचा फोन आला. त्यानं रायफल दुसरीकडून घेतली होती. वनखात्याची परवानगी काढून सकाळी मक्यातल्या डुकरावर गोळी घातली होती आणि डुक्कर पडलं नव्हतं. मिस्त्रींनी जुनी दुनळी पिशवीत भरली आणि माझ्या मोटरसायकलवर मागं बसले. "चल. तुला दाखवतो," एवढंच म्हणाले.

ओढ्यात घाणेरीची जाळी होती आणि जाळीतून आवाज येत होता. तो आवाज मला लिहिता येणार नाही. गोळी पोटात लागली होती. जाळीपर्यंत जमिनीवर आतडं घासत गेल्याची ओली रेघ होती. डेअरीवाल्याचा कुत्रा कडेला उघडा पडलेला, छातीपासून शेपटीपर्यंत फाटलेला, तरी पाय हलवत होता. मिस्त्रींनी आधी एका बारात कुत्र्याला मोकळं केलं. मग चप्पल काढून अनवाणी जाळीत शिरले. सत्तरीतला माणूस. आम्ही तिघं-चौघं बांधावर दगड होऊन उभे.

डुक्कर सरळ त्यांच्यावरच आलं. पोटातलं सगळं मागं ओढत आलं. सुळा त्यांच्या नडगीला लागला तेव्हा नळी त्याच्या कपाळाला टेकलेली होती. बार झाला आणि घाणेरीची पानं लाल झाली.

ते लंगडत बाहेर आले आणि त्यांनी डेअरीवाल्याचं मानगूट धरलं. डुकरापाशी नेऊन गुडघ्यावर बसवलं. त्याचा तळहात फाटलेल्या पोटावर दाबून धरला.

"गरम हाय का?"

"व्हय," डेअरीवाला रडत म्हणाला.

"गार होस्तोवर हात काढायचा नाय."

तो बसला. चांगला तासभर बसला. मिस्त्री शेजारीच बसून राहिले. त्यांच्या स्वतःच्या नडगीतून रक्त वाहत होतं आणि पायजमा पिंढरीला चिकटला होता. दवाखान्यात चला म्हणालो तर म्हणाले, "अजून गार झालं नाय."

त्या तासाभरात मला काय वाटलं ते सांगितलं नाही तर हे सगळं लिहिण्यात अर्थ नाही. त्या फाटलेल्या पोटाच्या जागी मला सुदामचं पोट दिसत होतं. आणि शिसारी यायच्या ऐवजी मला बरं वाटत होतं. आत कुठंतरी गार वाटत होतं. हे लिहिताना हात जड होतो, पण ते तसं होतं.

पुढच्या शनिवारी मिस्त्रींचा पाय बांधलेला होता. त्यांनी मला दुकानाच्या मागच्या भिंतीसमोर उभं केलं. रिकामी रायफल हातात दिली. म्हणाले, "डोळे मीट. डुक्कर आलं असं समज. खांद्याला लाव. आता डोळे उघड, हलू नको." नळीच्या रोखानं भिंतीवर त्यांनी खडूची खूण केली. असं दहा वेळा केलं. मग मला बाजूला घेतलं.

भिंतीवर दहा खुणा होत्या. सगळ्या एका परातीत मावतील इतक्या जवळ.

"नेम चांगलाय," ते म्हणाले. मला बरं वाटलं. मग ते भिंतीला पाठ लावून उभे राहिले. दहाच्या दहा खुणा त्यांच्या छातीमागं झाकल्या गेल्या.

"डुक्कर कुठवर असतं मास्तर?" त्यांनी आपल्या मांडीवर थाप मारली. "इथवर. लई मोठं असलं तर. तू इथं का धरतो?" छातीवर बोट ठेवलं.

बाहेर छावणीच्या बाजारात भाजीवाल्याचा भोंगा चालू होता. टोमॅटो, कोथिंबीर, टोमॅटो, कोथिंबीर.

"कोण हाय?"

"चुलतभाऊ," मी म्हणालो. पहिल्यांदाच कुणाजवळ तरी म्हणालो. बायकोजवळसुद्धा नव्हतो बोललो.

मला वाटलं, आता दुसरी थोबाडीत बसणार. मी गालही तयार ठेवला. पण त्यांनी हात उचलला नाही. लवंग दुसऱ्या दाढेखाली सरकवली. मग म्हणाले, "सदरा आण त्याचा."

त्यांची ही रीत मला ऐकून माहीत होती. रायफल घेणाऱ्या प्रत्येक नवख्याला ते घरच्या कुणाचा तरी वापरातला कपडा आणायला लावत. शेतात चहा घेऊन कोण येतं, त्याचा. पडेगावच्या मागं एक बंद पडलेली दगडखाण आहे, तिथं चाचणी घ्यायचे. पाण्यानं भरलेले तेलाचे दोन डबे एकामागं एक. दोन डबे म्हणजे एक डुक्कर. त्यांच्या मागं पंधरा पावलांवर तो कपडा काठीला टांगायचा. गोळी डब्यांतच थांबेल असं प्रत्येकाला वाटायचं. मग तो भोकाचा कपडा अंगात घालून माणसानं घरी जायचं. छावणीतल्या शिंप्यांनासुद्धा ताकीद होती, मिस्त्रींचं भोक बुजवायचं नाही.

पण इतरांना मायेच्या माणसाचा कपडा आणायला सांगायचे. मला उलटा सांगितला.

सुदामचा सदरा मी कुठून आणणार? आमच्यात तर बोलणंही बंद होतं. घरी कपाट उघडलं आणि तळातून माझा स्वतःचा निघाला. माझ्या लग्नात नानांनी मला आणि सुदामला एकाच तागातून शिवलेला, फिक्या निळ्या रेघांचा. वरातीत दोघांनी तोच घातला होता. लोक मला सोडून सुदामलाच हार घालत होते आणि तो खुशाल घालून घेत होता. मापही दोघांचं एकच. मी तो घडी करून पिशवीत टाकला.

खाणीत भर दुपारचं ऊन होतं. मिस्त्रींनी डबे मांडले, सदरा टांगला, खालचं एक बटण तेवढं लावलं. वाऱ्यानं तो फुगायचा आणि रिकामा व्हायचा.

"छातीलाच धर," ते म्हणाले. "आज तुझ्या मनासारखं."

बार झाला. पाणी दोन पुरुष उंच उडालं. पत्रा गुलाबासारखा नाही, कुत्र्यानं फाडल्यासारखा फाटला होता. आम्ही चालत सदऱ्यापाशी गेलो. गोळी आत वेडीवाकडी झाली होती. पुढं माझी मूठ जाईल एवढं भोक होतं, खिशाच्या जरा खाली, आणि कडांना पाण्याचा ओलावा आलेला. त्या ओल्या कापडाकडं मी बघितलं. मी मुरमावर बसलो आणि पोटातलं सगळं बाहेर आलं. ओकताना मला सुदामच दिसत होता, वरातीत हार घालून घेणारा.

मिस्त्रींनी माझी पाठ चोळली नाही. उभेच राहिले.

"पहिला सदरा माझ्या भावाचा," ते म्हणाले. "थोरला. रौफभाई. त्यानंच शिकवलं मला. डुकरावर घातली, डुकरातनं गेली. तवा शिकार चालायची. डबे नव्हते. काठी बी नव्हती. सदऱ्यात भाऊ व्हता."

मी वर पाहिलं. ते माझ्याकडं बघत नव्हते. खाणीच्या कडेला एक घार फिरत होती, तिच्याकडं बघत होते.

"मी तर चुकून मारला, मास्तर. रोज सकाळी उठून तेवढं तरी म्हणता येतं. तुला ते बी नाय येणार."

मग त्यांनी रायफल पुसली, रिकामी केली, दोनदा तपासली आणि माझ्या मांडीवर ठेवली. "परवाना तुझा. हात तुझा. नेम बी बसलाय. मी कोण अडवणार? घेऊन जा, नायतर ठेव."

मी ती घेतली नाही. सदरा मात्र त्यांनी घालायला लावला. तो घालून मी मोटरसायकलवर घरी आलो. वारा थेट पोटाला लागत होता. अंगणात नाना बसले होते. त्यांनी भोकाकडं बघितलं, मग चांगल्या हातानं मला जवळ बोलावलं आणि भोकातून बोट घालून माझं पोट चाचपलं. काही लागलं नाही ना, एवढंच विचारलं.

यानंतर सगळं गोड झालं असं समजू नका. सुदामवरचा खटला चालू आहे. आम्ही बोलत नाही. डुकरांसाठी मी मक्याला तारेचं कुंपण घातलं, ते ती दरवर्षी मोडतात. नानांचं तोंड अजून घासाकडं जातं आणि ते बघताना माझ्या आत अजून काहीतरी पेटतं. बंदूक मात्र मी आजवर घेतलेली नाही. परवान्याची मुदत संपून गेली.

मिस्त्रींना शेवटचं पाहिलं ते गेल्या हिवाळ्यात. दुकान बंद करून ते पडेगावात मुला-सुनेच्या नव्या घरी राहायला गेले होते. दोन्ही डोळे गेले होते. मी गेलो तेव्हा ते ओसरीवर उन्हात खाटेवर बसले होते. आवाजावरून नाही, ऐकू फारसं येतच नव्हतं, माझा हात हातात घेऊन, कानशीच्या घट्ट्यांवरून त्यांनी मला ओळखलं.

"मास्तर! अजून फिरतो का मोकळा?"

"फिरतोय."

"उभा ऱ्हा."

मी उभा राहिलो. त्यांनी आपली हातातली काठी माझ्याकडं दिली. "डोळे मीट. डुक्कर आलं. खांद्याला लाव."

मला हसू आलं. एवढा माणूस, डोळे गेले, तरी परीक्षा घेतोच आहे. मी डोळे मिटले आणि काठी खांद्याला लावली. मग त्यांची बोटं काठीवरून पुढं सरकत गेलेली मला जाणवली, अर्धी करंगळी आणि बाकीची, टोकापर्यंत. टोकाला पोचून ती थांबली. मी डोळे उघडले.

ते खाटेवरून उठून माझ्यासमोर उभे होते. काठीचं टोक त्यांच्या छातीवर होतं.

"तिथंच हाय अजून," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते त्यांना दिसत नव्हतं म्हणून मी ते तसंच राहू दिलं.

त्यांनी ते टोक मुठीत धरलं आणि सावकाश खाली नेलं. छातीवरून पोटावर, पोटावरून मांडीवर, डुकराच्या उंचीला. मी सोडायला बघत होतो, ते सोडू देत नव्हते. शबाना चहा घेऊन बाहेर आली, "अब्बा, चहा," म्हणाली, दोनदा म्हणाली. त्यांना ऐकू गेलं नाही. ते तसेच वाकून उभे होते, ते टोक दोन्ही मुठींत घट्ट धरून, मांडीपाशी.